पंचावन्न टक्क्यांची गोष्ट

परिषद संपायची होती १० डिसेंबरला. ११ तारीख उजाडायला आली तरी क्योटोच्या आंतरराष्ट्रीय परिषद भवनात माणसं बसलेलीच होती. काही बसल्या जागी झोपलेली. दुभाष्यांची वेळ संपली तसे ते उठून गेले. मग ज्याला जशी जमेल तशा इंग्रजीत पुढचं बोलणं सुरू झालं. साल १९९७. अध्यक्षांच्या खुर्चीत राऊल एस्त्रादा-ओयुएला हे अर्जेंटिनाचे मुत्सद्दी, हातात हातोडा. एकेक कलम पुढे यायचं, कुणाचा तरी हात वर जायचा, एस्त्रादा ऐकून घ्यायचे आणि हातोडा आपटून पुढच्या कलमाकडे वळायचे. सर्वसंमती म्हणजे झाडून सगळ्यांचा होकार, असं ते मानत नव्हते. मानलं असतं तर ती सभा आजही चालू असती.

त्या रात्री घोडं अडलं ते व्यापाराच्या कलमावर. एखाद्या श्रीमंत देशाने ठरल्यापेक्षा जास्त धूर कमी केला, तर उरलेला हिस्सा दुसऱ्या श्रीमंत देशाला विकता यावा, अशी अमेरिकेची मागणी होती. भारत आणि चीन आडवे आले. भारताच्या हरकतीचा गाभा आपल्या भाषेत सांगायचा तर असा : विकायचं म्हणजे आधी मालकी हवी, मग हवेचा सातबारा कुणी, कधी, कुणाच्या नावावर केला? शंभर वर्षं ज्याने जास्त धूर सोडला त्यालाच पुढेही जास्त धुराचा हक्क, आणि वर तो विकायचीही मुभा, हे कुठलं वाटप? एस्त्रादांनी सभा थांबवली, मुख्य मंडळींना बाजूला घेतलं आणि परत आले ते मोजक्या ओळींचं एक कलम घेऊन. व्यापार करता येईल. त्याचे नियम मागाहून ठरतील. हातोडा पडला.

नियम मागाहून. क्योटो कराराच्या पुढच्या तेवीस वर्षांची कथा या दोन शब्दांत आहे. ३८ औद्योगिक देशांनी मिळून कार्बन डायऑक्साइडसह सहा वायूंचं उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान ५ टक्क्यांनी उतरवायचं, आणि ते २००८ ते २०१२ या पाच वर्षांत. इतकं क्योटोत पक्कं झालं. युरोपीय संघ ८ टक्के, अमेरिका ७, जपान ६. ऑस्ट्रेलियाने तर उलट ८ टक्के वाढीची परवानगी पदरात पाडून घेतली. पण झाडं किती कार्बन शोषतात तो धरायचा की नाही, धरला तर किती, दुसऱ्या देशात केलेलं काम आपल्या खात्यावर कसं चढवायचं, हिशेब चुकवणाऱ्याला शिक्षा काय, यातलं काहीही ठरलं नव्हतं. आकडे आधी आले, मोजपट्टी नंतर शोधायची होती. घर बांधताना कुणी असं करत नाही.

असं का झालं, यासाठी थोडं मागे जावं लागतं. १९९२ च्या जूनमध्ये रिओ दि जानेरोच्या वसुंधरा परिषदेत हवामान बदलाचा मूळ करार सह्यांसाठी खुला झाला. जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे तत्त्व त्यात आलं. ते आणण्यात चंद्रशेखर दासगुप्ता या भारतीय मुत्सद्द्याचा मोठा हात होता. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीत अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक पुस्तिका काढून अमेरिकन हिशेबतपासनिसांना धारेवर धरलं होतं : भातखाचरातून निघणारा मिथेन आणि मोटारीच्या नळीतून निघणारा धूर एकाच तागडीत घालता कसे? एक पोटासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. भारताची पुढची सगळी भूमिका या फरकावर उभी राहिली.

मूळ करारात सदिच्छा भरपूर होत्या, आकडे नव्हते. १९९५ मध्ये बर्लिनला पहिली परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी जर्मनीच्या पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल होत्या. तिथे ठरलं की दोन वर्षांत श्रीमंत देशांसाठी बंधनकारक आकडे आणायचे आणि गरीब देशांवर नवं बंधन लादायचं नाही. या दुसऱ्या वाक्याने वॉशिंग्टनमध्ये ठिणगी पडली. २५ जुलै १९९७ रोजी, म्हणजे क्योटोच्या पाच महिने आधी, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला : विकसनशील देशांना बंधन नसेल, तर असल्या करारावर अमेरिकेने सहीच करू नये. शून्य! एकही सदस्य विरोधात गेला नाही. तरीही उपाध्यक्ष अल गोर क्योटोला आले, आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांना लवचिक व्हायला सांगून गेले, आणि अमेरिकेने ७ टक्के कबूल केले. कबूल करणाऱ्यांना आणि कबुली घेणाऱ्यांना, दोघांनाही ठाऊक होतं की घरी हा कागद कुणी उघडणार नाही. अध्यक्ष क्लिंटन यांनी करारावर सही करवली, पण तो सिनेटपुढे कधीच ठेवला नाही.

अमेरिकेच्या या वागण्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला जास्त कुतूहल आहे ते कराराच्या २५ व्या कलमाचं. करार अमलात कधी येणार? तर त्याला दोन कुलपं. किमान ५५ देशांनी तो मंजूर करायला हवा. आणि मंजूर करणाऱ्या औद्योगिक देशांचा १९९० सालचा कार्बन डायऑक्साइड मिळून सगळ्या औद्योगिक देशांच्या एकूण आकड्याच्या ५५ टक्के भरायला हवा. पहिलं कुलूप लहान देशांच्या हाती, दुसरं मोठ्यांच्या. छोट्या बेटांनी उत्साहाने करार मंजूर करावा आणि धूर सोडणाऱ्यांनी बाहेरून गंमत बघावी, असं होऊ नये म्हणून ही योजना. कागदावर शहाणपणाची. पण तिच्यात पाचर होती. अमेरिकेचा वाटा ३६.१ टक्के, रशियाचा १७.४, जपानचा ८.५. अमेरिका वजा केली की उरले ६३.९. म्हणजे आणखी जेमतेम ८.९ टक्के गळाले तर चालणार होतं. रशिया गेला तर खेळ खलास. जपान आणि सोबत एखादा मधला देश गेला तरी खलास. हे गणित ज्यांना लवकर समजलं त्यांनी पुढे त्याची पुरेपूर किंमत वसूल केली.

नियम ठरवायची मुदत होती नोव्हेंबर २०००, ठिकाण हेग. निदर्शकांनी परिषद भवनाभोवती वाळूच्या पोत्यांचा बांध घातला होता; समुद्राला बांध घालून जगणाऱ्या देशात याहून बोलकी घोषणा सुचणं कठीण. आत अमेरिकेचे मुख्य वाटाघाटीकार फ्रँक लॉय पत्रकारांशी बोलत असताना एका निदर्शक तरुणीने त्यांच्या तोंडावर क्रीमचा केक फासला. तिकडे अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीतली फ्लोरिडाची फेरमतमोजणी चालू होती. बुश की गोर, याचा पत्ता नव्हता. हेगमध्ये बोलणारी माणसं दोन महिन्यांनी पदावर असतील की नाही, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

माशी शिंकली ती झाडांवर. अमेरिका, कॅनडा, जपान म्हणत होते : आमची जंगलं कार्बन शोषतात, तो आमच्या खात्यात जमा करा. युरोप म्हणे : जंगलं आधीपासून उभीच आहेत, काही न करता तुम्ही वजाबाकी मागताय. शेवटच्या रात्री ब्रिटनचे उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी अमेरिकेशी एक तडजोड जुळवत आणली. युरोपातल्याच मंत्र्यांनी, विशेषतः फ्रान्सच्या दॉमिनिक व्वाने यांनी ती मानली नाही. प्रेस्कॉट तावातावाने बाहेर पडले. अध्यक्ष यान प्राँक यांनी परिषद संपवली नाही, तहकूब केली. या एका शब्दाच्या निवडीने करार वाचला असं म्हणता येईल, कारण तहकूब सभा पुन्हा भरवता येते. फसलेली सभा भरवायला आधी ती फसली नाही असं सगळ्यांना पटवावं लागतं.

मार्च २००१ मध्ये नवे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी काही सिनेटरांना पत्र पाठवून कळवलं की आपला क्योटो कराराला विरोध आहे. ३६.१ टक्के गेले.

अनेकांनी तेव्हा कराराचं श्राद्ध घातलं. पण जुलैमध्ये बॉनच्या मारिटिम हॉटेलात तहकूब सभा पुन्हा भरली, तेव्हा चित्र पालटलं होतं. अमेरिका बाहेर पडल्यामुळे युरोपला आता करार मोडण्यापेक्षा तो तरण्याची गरज जास्त होती. आणि जपान, कॅनडा, रशिया, ऑस्ट्रेलिया यांच्या हाती अचानक हुकमाची पानं आली होती. हेगमध्ये ज्या जंगलांवरून युरोप उठून गेला, तीच जंगलं बॉनमध्ये त्याने मुकाट्याने मोजून दिली. आणि ती कशी मोजली तेही बघण्यासारखं आहे. करारनाम्याला एक तक्ता जोडला गेला, नाव 'झेड' परिशिष्ट. त्यात देशांची नावं आणि पुढे आकडे : असलेल्या जंगलाच्या निगेसाठी दरवर्षी किती दशलक्ष टन कार्बन खात्यात धरता येईल. जपान १३, कॅनडा १२, रशिया १७.६३. दशांश चिन्हाने फसू नये. त्या १७.६३ मागे काही शास्त्र असावं असं वाटतं. असलं तरी ते कुणाला फार महत्त्वाचं नव्हतं, हे चार महिन्यांत उघड झालं. जपानला मिळालेले १३ म्हणजे त्याच्या ६ टक्क्यांच्या निम्म्याहून जास्त बोजा झाडांवर सोपवण्यासारखं होतं. २३ जुलैला समझोता झाला. अमेरिकेच्या प्रतिनिधी पॉला डोब्रियान्स्की बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा सभागृहातून त्यांची हुर्यो उडवली गेली. मुत्सद्द्यांच्या सभेत असं सहसा घडत नाही.

उरलेलं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मराकेशला. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळून दोन महिनेही झाले नव्हते, तरी परिषद भरली आणि दोनशेहून जास्त पानांचं नियमांचं बाड तयार झालं. हवामान वाटाघाटींच्या इतिहासात याहून रटाळ दस्तऐवज नसेल, आणि याहून महत्त्वाचाही क्वचित असेल. कुठल्या वर्षी कुठला तक्ता भरायचा, तपासनीस कोण, चूक दाखवली तर उत्तर किती आठवड्यांत, सगळं त्यात आहे. शिक्षाही आहे : पाच वर्षांत जेवढे टन जास्त सोडाल, त्याच्या १.३ पट पुढच्या मुदतीतल्या वाट्यातून कापले जातील. वाचायला कडक. पण पुढची मुदत कुठली? ती तर ठरलेलीच नव्हती. जन्माला न आलेल्या म्हशीचं दूध दंड म्हणून कापायचं, तसला प्रकार.

आणि रशिया? रशियाला १७.६३ कमी वाटले. मराकेशमध्ये ते ३३ झाले. जंगल तेच, चार महिन्यांत झाडं दुपटीने कशी वाढणार? वाढली होती ती रशियाच्या मंजुरीची किंमत.

२००२ मध्ये मंजुऱ्यांची रांग लागली. २३ मे रोजी आइसलँडने पंचावन्नावा देश म्हणून पहिलं कुलूप उघडलं. आठवड्याभराने युरोपीय संघ, मग जपान. भारतानेही २६ ऑगस्टला करार स्वीकारला. आपल्यावर आकड्याचं बंधन नव्हतं. आपल्याला हवा होता तो करारातला 'स्वच्छ विकास यंत्रणा' नावाचा दरवाजा, ज्याच्याबद्दल पुढे बोलायचं आहे. त्याच ऑक्टोबरमध्ये आठवी परिषद दिल्लीच्या विज्ञान भवनात झाली. पंतप्रधान वाजपेयी यांनी तिथे स्पष्ट सांगितलं की गरीब देशांचं दरडोई उत्सर्जन श्रीमंतांच्या तुलनेत अगदीच थोडं आहे, त्यांच्याकडून एवढ्यात कपात मागणं न्यायाचं नाही. परिषदेतून दिल्ली जाहीरनामा निघाला. करारासाठी मात्र सगळ्यांचे डोळे मॉस्कोकडे होते : जमलेले टक्के पुढे ४४.२ वर येऊन थांबणार होते.

रशियाला खरं तर करार फायद्याचा होता. १९९० नंतर सोव्हिएत कारखाने बंद पडले, आणि क्योटोतलं रशियाचं लक्ष्य मात्र १९९० इतकंच होतं. म्हणजे काहीही न करता त्याच्याकडे विकायला प्रचंड उत्सर्जन शिल्लक होतं. या मालाला वाटाघाटीतली मंडळी 'गरम हवा' म्हणत. पण मोठं गिऱ्हाईक अमेरिका निघून गेली, तसा मालाचा भाव पडला. २००३ च्या सप्टेंबरअखेर मॉस्कोत हवामान परिषद भरली, तेव्हा अध्यक्ष पुतिन यांनी मंजुरीची घोषणा करायची सोडून विनोद केला : दोन-तीन अंशांनी उकाडा वाढला तर रशियन माणसाचा फरच्या कोटांवरचा खर्च वाचेल. त्यांचे आर्थिक सल्लागार आंद्रेई इलारिओनोव्ह तर कराराला उघड शिव्या घालत फिरत होते. रशिया मरू घातलेल्या कराराच्या उशाशी बसून बोली वाढवत होता.

बोली लागली जागतिक व्यापार संघटनेच्या दारात. २१ मे २००४ रोजी युरोपीय संघाने रशियाच्या त्या संघटनेतल्या प्रवेशाला संमती दिली आणि त्याच दिवशी पुतिन म्हणाले, क्योटोची मंजुरी आता लवकर करू. व्यवहार इतका उघड होता की कुणाला लाजायची गरज वाटली नाही. २२ ऑक्टोबरला रशियन संसदेच्या दुमाने ठराव मंजूर केला; नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुतिन यांची सही झाली. रशियाला ज्या दाराची आस होती ते मात्र २०१२ च्या ऑगस्टपर्यंत उघडलं नाही. क्योटोची पहिली मुदत संपायला तेव्हा चार महिने उरले होते.

मंजुरीचा कागद संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांच्या हाती द्यायचा असतो. कोफी अन्नान तेव्हा सुरक्षा परिषदेच्या बैठकीसाठी नैरोबीत होते. १८ नोव्हेंबर २००४ रोजी तिथेच तो त्यांना मिळाला. टक्के ६१.६ झाले, दुसरं कुलूप उघडलं, नव्वद दिवसांचं घड्याळ सुरू झालं. १६ फेब्रुवारी २००५ रोजी करार अमलात आला. क्योटोच्या समारंभाला केनियाच्या वांगारी माथाई आल्या होत्या. आदल्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालेल्या, आयुष्यभर झाडं लावलेल्या. त्या दौऱ्यात त्यांना 'मोत्ताईनाई' हा जपानी शब्द भेटला. वाया घालवलेल्या वस्तूबद्दलची हळहळ त्यात आहे. ताटात टाकलेला घास पाहून आपली आजी जे म्हणे, त्याच्या जवळपासचं काहीतरी. माथाईंनी तो शब्द पुढे जगभर नेला.

आता त्या दरवाजाबद्दल. स्वच्छ विकास यंत्रणा ही क्योटोच्या शेवटच्या दिवसांत ब्राझीलच्या एका प्रस्तावातून निघाली. ब्राझीलला हवा होता दंडाचा निधी : लक्ष्य चुकवणाऱ्या श्रीमंतांनी पैसे भरावेत, ते गरीब देशांत स्वच्छ कामांवर खर्च व्हावेत. अमेरिकेच्या हातून घासूनपुसून दंडाचा झाला सौदा : श्रीमंत देशाने गरीब देशातल्या प्रकल्पाने वाचवलेला प्रत्येक टन विकत घ्यायचा आणि आपल्या खात्यावर लावायचा. एक टन, एक क्रेडिट. जगातला पहिला नोंदलेला प्रकल्प ब्राझीलमधला, रिओजवळच्या कचरा डेपोतून निघणारा वायू पकडणारा. नोंदणीचा दिवस १८ नोव्हेंबर २००४; नैरोबीत कागद दिला गेला तोच.

भारताचं खातं उघडलं गुजरातेत, मार्च २००५ मध्ये, आणि ते उघडलं एका अनपेक्षित वस्तूने. फ्रिज आणि एसीत लागणारा एचसीएफसी-२२ हा वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू निघतो. त्याचा एक टन हवेत गेला तर त्या वेळच्या हिशेबाप्रमाणे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. तो भट्टीत जाळला की एका टनाला ११,७०० क्रेडिटं. जाळायचा खर्च किरकोळ, क्रेडिटाचा भाव काही युरो. कारखानदाराला मुख्य मालापेक्षा टाकाऊ वायू जाळण्यात जास्त पैसा, अशी गंमत झाली. सुरुवातीच्या वर्षांत चीन-भारतातल्या मूठभर कारखान्यांनी जगातल्या क्रेडिटांचा मोठा हिस्सा पटकावला. चीन सरकारने शहाणपणा करून या कमाईवर ६५ टक्के कर लावला. आपण लावला नाही. क्रेडिटांसाठी वायू मुद्दाम जास्त निर्माण केला जातो, असा आरोप झाला, आणि मे २०१३ पासून युरोपने ही क्रेडिटं घेणं बंद केलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने जाहीर केलं की हा वायू कारखान्यांनी स्वखर्चाने जाळायचा. जे काम साध्या आदेशाने होण्यासारखं होतं, त्यासाठी जगाने वर्षानुवर्षं पैसे मोजले. या यंत्रणेबद्दल माझं मत कडवट आहे ते इथून.

सगळंच असं नव्हतं. साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करत चाळकेवाडीच्या पठारावर गेलं की पवनचक्क्यांची रांग लागते. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावरही तेच, आणि तिकडे धुळ्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर. महाराष्ट्रातल्या कित्येक पवनचक्क्यांची नोंद या यंत्रणेत झाली, काही साखर कारखान्यांच्या बगॅसवरच्या वीज प्रकल्पांचीही. १ जानेवारी २००० नंतर उभं राहिलेलं काम चालत असे. पातं फिरलं की दोन मीटर चालायचे : एक विजेच्या युनिटांचा, दुसरा न जळलेल्या कोळशाचा. दुसरा डोळ्याला दिसत नव्हता. तो दिल्लीतल्या राष्ट्रीय प्राधिकरणाच्या मंजुरीत, परदेशी तपासनिसाच्या अहवालात आणि बॉनमधल्या हवामान सचिवालयाच्या नोंदवहीत होता.

त्यात एक परीक्षा फार कठीण होती. अर्जदाराला सिद्ध करावं लागे की क्रेडिटांचे पैसे नसते तर ही पवनचक्की उभीच राहिली नसती. आता आपल्याकडे त्या काळात पवनचक्की घेणारे होते कोण? मुंबई-पुण्याच्या कंपन्या, ज्यांचा मुख्य धंदा सूत, औषधं किंवा मोटारी. त्यांना पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवून आयकर वाचवता येत होता. आयकराच्या कागदात पवनचक्की फायद्याची, आणि बॉनला पाठवलेल्या कागदात तीच तोट्यातली. दोन्ही कागद कायदेशीर. अर्जात स्थानिक लोकांचं म्हणणं नोंदवायलाही एक रकाना असे. सभा व्हायची, सह्या व्हायच्या. पण क्रेडिट म्हणजे काय, ते युरोपातल्या कुठल्या वीज कंपनीच्या खात्यावर लागणार, हे पठारावर गुरं चारणाऱ्याला कुणी सांगितलं असेल तर तो चमत्कारच. त्याला दिसला तो वर आलेला डांबरी रस्ता आणि घातलेलं कुंपण. तरीही वीज खरी होती, तेही म्हटलं पाहिजे. कोळसा तेवढा कमी जळलाच.

सौद्यातून एक वाट चांगल्या कामाकडेही गेली. प्रत्येक शंभर क्रेडिटांतली दोन बाजूला काढून अनुकूलन निधी उभारला गेला. दुष्काळ, पूर, वाढता समुद्र यांच्याशी जुळवून घेणाऱ्या गरीब देशांसाठी. भारतात या निधीचं काम पाहण्याची मान्यता मुंबईतल्या नाबार्डला मिळाली. निधी क्रेडिटांच्या भावावर जगत होता, आणि २०१२ अखेर तो भाव एका युरोच्याही खाली घसरला. मग त्याला देशांच्या देणग्यांवर अवलंबून राहावं लागलं.

पहिली मुदत संपली तेव्हा हिशेब काय निघाला? शेवटपर्यंत करारात राहिलेल्या सर्व ३६ देशांनी आपलं बंधन पाळलं. त्यांतल्या नऊ देशांना विकत घेतलेल्या क्रेडिटांची मदत घ्यावी लागली. कॅनडाला ते जमणारं नव्हतं. डिसेंबर २०११ मध्ये पर्यावरणमंत्री पीटर केंट यांनी सांगितलं की करार पाळायचा तर १४ अब्ज डॉलर मोजावे लागतील, आणि कॅनडा बाहेर पडला. बॉनमध्ये मिळवलेली जंगलांची सवलतही त्याला पुरली नाही. सोव्हिएत कारखाने बंद पडल्याने मिळालेली घट वजा केली तर यशाचा आकडा बराच रोडावतो. आणि या सगळ्या काळात जगाचा एकूण धूर वाढतच राहिला, कारण अमेरिका बाहेर होती आणि चीन, भारत बंधनाबाहेर होते.

पण एक गोष्ट क्योटोने मागे ठेवली, आणि ती मला कमी वाटत नाही. सरकारं आपला धूर मोजायला, तो ठराविक तक्त्यांत लिहायला आणि परक्या तपासनिसाला वही उघडून दाखवायला शिकली. २०१५ च्या पॅरिस करारात आकडे प्रत्येक देशाने आपापले ठरवायचे आहेत, वही उघडी ठेवायची सक्ती मात्र सगळ्यांवर आहे, भारतावरसुद्धा. त्यातही ५५ देश आणि ५५ टक्के ही अट ठेवली होती, या वेळी साऱ्या जगाच्या उत्सर्जनाच्या. ती वर्षभराच्या आत पुरी झाली. २ ऑक्टोबर २०१६ रोजी भारताची मंजुरी त्यात जमा झाली होती. क्रेडिटांच्या खरेदी-विक्रीचे नियम तेवढे इथेही मागाहूनच आले, सहा वर्षांनी, ग्लासगोत.

क्योटोची दुसरी मुदत २०१३ ते २०२० अशी ठरली होती. त्यासाठीची दुरुस्ती ८ डिसेंबर २०१२ रोजी दोहात मंजूर झाली. रशिया हरकत घेत असतानाच अध्यक्ष अब्दुल्ला अल-अत्तिया यांनी हातोडा मारला. ती अमलात यायला १४४ देशांचा स्वीकार हवा होता. भारताने आपला कागद २०१७ च्या ऑगस्टमध्ये दिला. १४४ वा कागद यायला २०२० चा ऑक्टोबर उजाडला. मग नियमाप्रमाणे नव्वद दिवस. दुरुस्ती अमलात आली ३१ डिसेंबर २०२० रोजी. तिची मुदत त्याच दिवशी संपली.